पेनड्राइव्हचीही नोंद हवी

शाळेच्या फाटकातून कोणी आत आले की संतरी नाव, वेळ आणि काम लिहून घेतो. बाहेर जातानाही नोंद होते. संगणकाच्या यूएसबी पोर्टवर मात्र कोणीच उभे नसते. प्रिंट काढायला अधारतालच्या दुकानात गेलेला पेनड्राइव्ह परत येऊन थेट लॅबच्या संगणकाला लागतो. माझ्या मते या पोर्टवरही पहारा हवा, आणि तो प्रोग्राम आपण कॅडेटांनीच लिहावा.

हा धोका काल्पनिक नाही. 2008 मध्ये मध्यपूर्वेतील एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या फ्लॅश ड्राइव्हमधून व्हायरस अमेरिकी लष्कराच्या नेटवर्कमध्ये शिरला. मग त्यांनी अशा ड्राइव्हवर बंदीच घातली.

काही जण म्हणतात, आपणही पोर्ट बंद करून टाकू. पण माउस, कीबोर्ड, प्रिंटर कुठे लावायचे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी यूएसबीसाठी झटले, ते सगळ्या उपकरणांना एकच पोर्ट चालावे म्हणूनच.

उपकरण लावताच ते डेटाच्या दोन तारांपैकी एकीचा व्होल्टेज वर खेचते. त्यावरून संगणकाला कोणीतरी आल्याचे कळते. मग उपकरण आपला प्रकार, निर्माता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक सांगते. लिनक्समध्ये ही वर्दी यूडेव्हकडे जाते. पायथनमधून ‘ॲड’ आणि ‘रिमूव्ह’ या दोन घटना ऐकणारा प्रोग्राम थोड्याच ओळींत होतो. दर पाच सेकंदांनी यादी तपासणारा प्रोग्रामही लिहिता येतो, पण मधल्या वेळात कोणी ड्राइव्ह लावून काढला तर तो निसटतो. अधूनमधून डोळे उघडणारा संतरी काय कामाचा?

नोंद म्हणजे पूर्ण सुरक्षा नव्हे. 2014 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की फर्मवेअर बदललेला पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवू शकतो. म्हणून फक्त ड्राइव्हवर नजर ठेवून भागणार नाही. एकाच संगणकावर अचानक दुसरा कीबोर्ड दिसला, तर लगेच सूचना मिळायला हवी.

कॉम्प्युटर क्लबने या सत्रात एका संगणकावर सुरुवात करावी. वेळ, उपकरण, लावले की काढले, एवढेच लिहावे. कोणाच्या फाइली उघडू नयेत. संतरी पाहुण्याचे नाव लिहितो, त्याची पत्रे वाचत नाही.