विषाणू घराणे पाहत नाही

बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या घरात घडावा असा हा प्रसंग. सून आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली होती. घरी परतल्यावर तिने सासूबाईंना सांगितले, "आई, डॉक्टरांनी हिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायला सांगितली आहे." हा कर्करोग कशाने होतो, असे सासूबाईंनी विचारले. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे, हे उत्तर ऐकताच त्यांचा स्वर बदलला. "आपल्या घरातल्या मुलीला असल्या लशीची गरज काय? कोणाला कळले तर उद्या तिच्यासाठी स्थळ कोण आणील?" सून गप्प झाली आणि विषय तेथेच मिटला.

सासूबाईंच्या बोलण्यात नातीविषयीची काळजीच होती. मात्र त्या काळजीच्या मुळाशी एक समजूत होती. लैंगिक संबंधातून होणारे रोग वाईट वाटेने जाणाऱ्यांनाच होतात, सदाचारी घराचा उंबरठा ते ओलांडत नाहीत, अशी ती समजूत. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत बहुधा घरातील स्त्रीच मोजते.

या विषाणूचे नाव मानवी पॅपिलोमा विषाणू. व्यवहारात त्याला एचपीव्ही म्हणतात. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही जननेंद्रियांवर चामखिळी आणणारे आणि थोडे कर्करोगास कारण ठरणारे. सोळा आणि अठरा या क्रमांकांचे दोन प्रकार जगातील गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांमागे असतात. हा संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या रोगाचा शरीरसंबंधाशी काही संबंध असावा, ही शंका मात्र त्याहून फार जुनी आहे. इटलीतील रिगोनी-स्टर्न या वैद्याने व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासून १८४२ साली असे दाखवले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो, मठातील जोगिणींत मात्र तो क्वचितच दिसतो. त्या विवाहित स्त्रिया काही दुराचारी नव्हत्या. त्यांचा दोष असलाच तर एवढाच, की त्या संसारी होत्या. एचपीव्ही हा इतका सर्वत्र पसरलेला विषाणू आहे, की शरीरसंबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो. पतीखेरीज अन्य पुरुषाचा विचारही मनात न आणलेल्या स्त्रीलाही तो पतीकडून येऊ शकतो, आणि पतीला स्वतःला त्याची वार्ताही नसते. त्याला ना वेदना, ना ताप, ना कोणते लक्षण.

म्हणूनच या चाचणीचा निकाल हाती आल्यावर घरात संशयाचा वणवा पेटवणे शहाणपणाचे नाही. संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून झाला, हे चाचणी सांगू शकत नाही. तो विवाहापूर्वीचाही असू शकतो, वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. चाचणी चारित्र्याचा दाखला देत नाही. ती केवळ गर्भाशयमुखाकडे लक्ष द्यावयास हवे, एवढेच सांगते.

संसर्ग झाला म्हणजे कर्करोग झाला, असेही नव्हे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होत जातात. त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीचा उपचार न घेतलेल्या स्त्रीत हा काळ पुष्कळ कमी होतो. वहीत न लिहिलेले देणे व्याजासह वाढत राहावे, तशीच ही गोष्ट. पण याच दीर्घ अवधीत आशाही आहे. ज्या रोगाला वाढण्यास पंधरा वर्षे लागतात, त्याला वाटेत अडवण्यासाठी पंधरा वर्षे मिळतात. असे असूनही भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्यात दगावतात.

त्याला वाटेत अडवता येते, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीतून मिळाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही व्यापाराची जुनी पेठ. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साहाय्याने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला केवळ एकदाच एचपीव्हीची चाचणी देऊ करण्यात आली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच संख्येच्या, अशी चाचणी न मिळालेल्या गटात ते ६४ होते. आयुष्यातील एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि तेही खेड्यापाड्यांतील कष्टकरी स्त्रियांमध्ये. शहरात राहणाऱ्या, गाडीने रुग्णालयात जाऊ शकणाऱ्या कुटुंबांना मग कोणती सबब उरते?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी. एचपीव्हीची चाचणी असेल तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा केली तरी पुरते. ती जेथे उपलब्ध नाही, तेथे गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे डाग दिसतात का, हे पाहण्याची साधी पद्धत अनेक सरकारी रुग्णालयांत आहे. काही मिनिटांचे हे काम. कर्करोगापूर्वीचे बदल आढळले, तर ते बहुधा छोट्या उपचाराने दूर करता येतात. गर्भाशय काढावे लागत नाही.

लस ही याच्याही आधीची पायरी होय. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. यीस्टच्या पेशींच्या साहाय्याने तयार केलेली, विषाणूच्या बाह्य आवरणासारखी पोकळ रचना तिच्यात असते. त्यामुळे लशीपासून संसर्ग होणे शक्य नाही. पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. विषाणूशी पहिला संपर्क येण्यापूर्वी घेतल्यास लशीचा लाभ सर्वाधिक मिळतो, म्हणून नऊ ते चौदा हे वय योग्य मानतात. या वयात बहुधा सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात. बार्शीसह देशातील अनेक केंद्रांवर लस घेतलेल्या सुमारे १७ हजार ७०० मुलींचा दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा तेथे वापरलेल्या लशीची एक मात्राही सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून दोन-तीन मात्रांइतकेच संरक्षण देते, असे दिसून आले. मुलीला किती मात्रा द्यायच्या, हे डॉक्टरांनी ठरवावे. लस सर्वच प्रकारांना रोखत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच. हा विषाणू पुरुषांतही घशाचा व जननेंद्रियाचा कर्करोग घडवू शकतो. त्यामुळे मुलांच्या लसीकरणाविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

येथे घरातील पुरुषाचे कर्तव्यही येते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत स्वदारसंतोषाला स्थान आहे. ते व्रत पाळणारा पुरुष आपल्या पत्नीचे आरोग्यही जपत असतो. पण आज घेतलेले व्रत काल झालेला संसर्ग पुसून टाकत नाही. पूर्वायुष्यात किंवा व्यापारानिमित्त परगावी असताना काही चूक घडली असेल, तर ती मनात दडवून पत्नीला धोक्यात ठेवणे हा दुसरा आणि अधिक मोठा दोष ठरतो. गरमी, परमा, कावीळ ब आणि एचआयव्ही हे रोगही बराच काळ मूक राहू शकतात. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांचा सल्ला व उपचार विनामूल्य मिळतो. गरमी आणि परमा पूर्ण बरे होतात, मात्र उपचार पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. निरोध या रोगांचा धोका पुष्कळ कमी करतो. एचपीव्ही आसपासच्या त्वचेच्या स्पर्शातूनही पसरत असल्याने त्याच्यापासून मात्र पूर्ण संरक्षण मिळत नाही.

दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही घडले तर उपवास संपू दे, चातुर्मास उलटू दे, घरातले लग्न पार पडू दे, असे म्हणत दिवस ढकलू नयेत. जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष हा प्रमादच आहे, मग ते स्वतःच्या देहाविषयी का असेना.

त्या घरातील सून आठवड्याने सासूबाईंसह पुन्हा डॉक्टरांकडे गेली. सासूबाईंनी आपली शंका आडपडदा न ठेवता विचारली. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीचे संस्कार तुम्ही सांभाळले आहेत, त्याविषयी मला शंका नाही. पण दहा-बारा वर्षांनी तिचे ज्याच्याशी लग्न होईल, त्याच्या पूर्वायुष्याची हमी तुम्ही आज देऊ शकता का?"

सासूबाई काही क्षण थांबल्या. मग त्यांनी नातीचा हात डॉक्टरांपुढे केला आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, "हिची लस होऊ दे. आणि आपल्या दोघींची तपासणीही आजच करून घेऊ."