इमारत वाचते ती कागदावर

निगडी प्राधिकरण हा आखून वसविलेला भाग. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि त्यानंतर येथील सेक्टर, रस्ते व सोसायट्या उभ्या राहिल्या. येथील जुन्यात जुन्या सोसायटीनेही अद्याप साठी गाठलेली नाही. अशा ठिकाणच्या कुटुंबांना ब्रिटिशकालीन दगडी इमारती वाचविण्याचा प्रश्न दूरचा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु याच कुटुंबांतील मुले १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. विद्यापीठाच्या कामासाठी त्यांना गणेशखिंडीत जावे लागते, तेथील मुख्य इमारत एकेकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. पुण्यातील महात्मा फुले मंडई आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट येथे तर कित्येकांच्या दोन-तीन पिढ्यांचा व्यवहार झालेला असतो. या वास्तू पर्यटकांनी पाहून जाण्याच्या नव्हेत, त्या रोजच्या वापरातल्या आहेत. आणि आज त्यांच्याखालील जमिनीला आलेला भाव हाच त्यांचा सर्वांत मोठा शत्रू ठरला आहे.

हिशेबाच्या भाषेत हे लवकर समजते. ताळेबंदात इमारतीवर दरवर्षी घसारा आकारला जातो, जमिनीवर तो आकारला जात नाही. शंभर-दीडशे वर्षांत इमारतीची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्यावर येते आणि जमिनीची बाजारकिंमत मात्र आकाशाला भिडते. मग कोणीतरी चटईक्षेत्राचे गणित मांडतो, बहुमजली संकुलाचे चित्र काढतो आणि जुनी वास्तू ही केवळ अडगळ ठरते. या गणितात चूक नसते, त्यात एक रक्कम धरायची राहून गेलेली असते. ती वास्तू कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या विश्वासावर उभी केली, ही ती रक्कम. वारसा वाचविण्याच्या ज्या मोहिमा यशस्वी झाल्या, त्यांपैकी पुष्कळांनी हीच राहिलेली रक्कम कागदोपत्री पुढे आणली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातच आहे. येरवड्याच्या परिसरातील डेक्कन कॉलेजची भव्य दगडी इमारत १८६८ साली वापरात आली. तिच्या पायाभरणीचा दगड गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ साली बसविला होता. या बांधकामासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याकडून १ लाख रुपयांची देणगी मिळाली होती. लोकमान्य टिळक व आगरकर येथेच शिकले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी येथे अध्यापन केले. अशी ही संस्था १९३४ साली सरकारने काटकसरीचे कारण देऊन बंद केली. वर्ग थांबले की वास्तू रिकामी होते, आणि रिकामी वास्तू दुसऱ्या कामी लावण्यास फार काळ लागत नाही, हे जाणत्यांना ठाऊक होते.

त्या वेळी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी केवळ सभा घेऊन व ठराव करून समाधान मानले नाही. त्यांनी न्यायालयाची वाट धरली आणि देणगीदाराच्या वारसांचेही बळ त्यांना मिळाले. त्यांचा मुद्दा साधा होता. ही देणगी उच्च शिक्षणासाठी दिलेली आहे, ती स्वीकारताना सरकारने तिचा हेतूही स्वीकारला आहे, म्हणून या वास्तूच्या बाबतीत सरकार मालक नसून विश्वस्त आहे. वास्तूचे सौंदर्य, तिची प्राचीनता, तिच्याशी निगडित थोर नावे या साऱ्या गोष्टी खऱ्या असल्या, तरी लढा या मुद्द्यावर टिकला. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था या रूपाने पुन्हा सुरू झाले. पुढे डॉ. हसमुख सांकलिया यांचे पुरातत्त्वातील आणि डॉ. इरावती कर्वे यांचे मानवशास्त्रातील कार्य याच आवारात बहरले. १९४८ साली येथे संस्कृतच्या महाकोशाचे काम हाती घेण्यात आले व ते आजही चालू आहे. पाच वर्षांच्या त्या चिकाटीचे व्याज देश अजून घेत आहे.

जैन व्यापारी कुटुंबांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मंदिराच्या पेढीवर देवद्रव्य, ज्ञानद्रव्य व साधारण यांची खाती निरनिराळी ठेवली जातात. एका हेतूने आलेली रक्कम सोयीसाठी दुसरीकडे वळविणे हा दोष मानला जातो आणि शेजारच्या खात्यात कितीही तूट असली तरी जाणता विश्वस्त तेथे हात घालत नाही. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात मांडलेले तत्त्व याच जातीचे होते. सार्वजनिक वास्तू हेही एक खातेच आहे. त्यातील शिल्लक पुढच्या पिढीची असते व चालू पिढीकडे तिचा केवळ सांभाळ असतो.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तर या समाजाच्या अधिकच जवळचा. कापसाचे व्यापारी व शेअर बाजारातील अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घड्याळाच्या टोल्यांवरून कळावी, हा त्यामागील भाव होता, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचा अफाट व्याप त्यात बुडाला. दिलेले दान मात्र बुडाले नाही. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून काढलेल्या आराखड्यानुसार बांधकाम झाले व १८७८ साली सुमारे ८५ मीटर उंचीचा मनोरा पूर्ण झाला. ज्या वर्षांत शेअरची कागदपत्रे रद्दी झाली, त्याच वर्षांतील ही एक गुंतवणूक दीडशे वर्षे टिकून आहे. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तूंचा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हा मनोराही आहे. त्या नोंदीसाठी नागरिकांच्या संस्थांनी व वास्तुतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली नसती, तर त्या पाठपुराव्याला आधारच उरला नसता.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. परकीय सत्तेच्या या खुणा जपाव्यात कशाला? आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुण्याच्या मंडईचा इतिहास त्याचे उत्तर देतो. नगरपालिकेने मंडईची इमारत बांधण्याचे ठरविले, तेव्हा सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी त्या खर्चास विरोध केला होता. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा पुरत नसताना इमारतीवर एवढा खर्च कशाला, अशी त्यांची भूमिका होती. १८८६ साली मंडई सुरू झाली व गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्यांनी खर्चाला विरोध केला त्यांचेच नाव वास्तूला लागले, यात एक न्याय आहे. ती वास्तू उभी राहिली ती पुणेकरांच्या कराच्या पैशातून व येथील गवंड्यांच्या, पाथरवटांच्या हातांनी. गाळ्यावर बसले ते येथील शेतकरी व बागवान. गव्हर्नर गेले, नाव बदलले, वास्तू लोकांची झाली. ती पाडून गव्हर्नरांचे काहीच जाणार नाही, जाईल ते पुणेकरांचे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि व्यापाऱ्यांना तो अधिक पटतो. वास्तू जपायची तर बांधकामाचा हक्क सोडावा लागतो, त्याची भरपाई कोण देणार? या प्रश्नाचा निकाल न्यूयॉर्क शहरात लागला. तेथील पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ साली पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा नागरिकांचा विरोध निष्फळ ठरला. त्या पश्चात्तापातून १९६५ साली शहराने वारसा वास्तूंचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर उत्तुंग मनोरा चढविण्याची योजना आली, तेव्हा त्या कायद्याच्या आधारे परवानगी नाकारण्यात आली. रेल्वे कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७८ साली हरली. न्यायालयाने एक गोष्ट लक्षात घेतली होती. त्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या जागांवर नेण्याची मुभा होती. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक बांधकाम व्यावसायिकाच्या तोंडी असतो. वारसा वास्तूंच्या मालकांना अशी भरपाई मिळण्याची तरतूद महाराष्ट्रातही आहे. म्हणून ‘जपणूक की नुकसानभरपाई’ असा पेच दरवेळी असतोच असे नाही. अनेकदा तो पेच चौकशी न केल्यामुळे उभा राहतो.

तथापि मोहिमा चालविणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करावयास हवी. गळके छप्पर, कुजलेल्या तुळया आणि अपुरी स्वच्छतागृहे असलेल्या इमारतीत ज्याला रोज दुकान उघडावे लागते, त्याला वास्तुशैलीचे कौतुक ऐकवून चालत नाही. १८६९ साली पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालली, तिच्या मुळाशी गाळेधारकांच्या अशाच अडचणी होत्या. वास्तू जपायची म्हणजे तिची दुरुस्ती करायची आणि तिला उपयुक्त काम द्यायचे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय याचा उत्तम नमुना आहे. १८७२ साली सुरू झालेली ही वास्तू जीर्ण झाली होती. २००३ साली महापालिका, इंटॅक ही वारसा संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी करार केला. कोण किती पैसा देईल, काम कोण करील व कारभार कोण पाहील, हे त्यात ठरले. २००८ साली संग्रहालय नव्या तेजाने पुन्हा उघडले. वास्तू महापालिकेचीच राहिली, निधी उद्योगघराण्याच्या प्रतिष्ठानाकडून आला आणि ज्ञान तज्ज्ञांचे लाभले. व्यापारी समाजाने सहज उचलावा असा हा मार्ग आहे.

मोहीम म्हटली की मोर्चा व घोषणा डोळ्यांसमोर येतात. त्यांचे महत्त्व आहेच, पण निर्णय फिरतो तो बहुधा मुदतीत दाखल झालेल्या हरकतीमुळे. पिंपरी-चिंचवडच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०२५ साली हजारो नागरिकांनी हरकती नोंदविल्या. घर, दुकान किंवा भूखंड आरक्षणात जातो असे दिसताच कुटुंबे नकाशा उघडतात, गट क्रमांक शोधतात, वकिलाचा सल्ला घेतात आणि पोचपावती जपून ठेवतात. हीच दक्षता सार्वजनिक वास्तूसाठी फार थोडे दाखवितात, कारण तेथे कोणाचाच सातबारा नसतो. वारसा यादीचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हाही हरकती व सूचना मागविल्या जातात. ‘ही इमारत पाडू नये’ एवढे लिहिलेला अर्ज तेथे दुबळा ठरतो. बांधकामाचे वर्ष, मिळकत पत्रिका, दानपत्र किंवा नगरपालिकेचा ठराव, सध्याचा वापर आणि दुरुस्तीचा संभाव्य मार्ग इतके जोडलेला अर्ज सहज बाजूला सारता येत नाही. कर्जाच्या प्रकरणाला लागतात तशीच ही कागदपत्रे आहेत, आणि ती कशी गोळा करावीत हे व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवावे लागत नाही.

या सर्वांत सर्वांत निकडीचे काम घरातलेच आहे. अनेक कुटुंबांच्या मूळ गावी पूर्वजांनी दिलेल्या देणगीची एखादी शिळा असते. ती कधी शाळेच्या ओसरीत असते, कधी धर्मशाळेच्या दारावर, तर कधी दवाखान्याच्या भिंतीत. तिच्यावर नाव, रक्कम व साल कोरलेले असते. त्या शिळेमागचे दानपत्र आज कोणाकडे आहे, हे मात्र घरातील एखाद्या वृद्धालाच ठाऊक असते, आणि कित्येक घरांत तेही नाही. ज्या दिवशी त्या जागेवर नव्या संकुलाचा फलक लागेल, त्या दिवशी शिळा बोलणार नाही. ती निघून कोपऱ्यात ठेवली जाईल. बोलेल तो कागद, जर तो सापडला तर. येत्या दिवाळीत गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांपाशी बसून त्या कागदाची चौकशी करावी, त्याची नक्कल काढावी व मिळकत पत्रिकेवरील नोंद पडताळून पाहावी. नव्याने दान देणाऱ्यांनी तर दानपत्रातच हेतू स्पष्ट लिहावा आणि तो बदलावयाचा झाल्यास कोणाची संमती लागेल, हेही नमूद करावे. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना दाद मागता आली, कारण त्यांच्या आधी कोणीतरी दान देताना त्याचा हेतू सांगून ठेवला होता.