खोक्यावरचा वेग आणि घरातला

६ ऑक्टोबर २०२२ ला एअरटेलनं देशातल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं. त्या आठांत नागपूर होतं आणि पुणे नव्हतं. नागपूरकराला यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच गोड लागला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. आजच्यापेक्षा वीस ते तीस पट वेग मिळेल, असं कंपनीचं सांगणं होतं. कुणाच्या आजच्यापेक्षा, हे विचारायच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही.

फोन असो की घरचं वायफाय, या आकड्यांबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, या सगळ्या थापा आहेत. दुसरा म्हणतो, आकडे खरेच आहेत, तुमचं यंत्र जुनं झालंय, नवं घ्या. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी थापावाल्यांकडे वळू. राउटरच्या खोक्यावर ‘एएक्स ३०००’ असं ठळक छापलेलं असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झमधले २४०२ मेगाबिट मिळून होतात २९७६, ते वर ओढून ३०००. बेरीज बरोबर आहे. पण तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. २४०२ गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते आणि पुष्कळ फोन ८० वरच थांबतात, म्हणजे राहिले १२०१. तेही रेडिओच्या जोडणीचे. एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं आणि पोहोचलेल्या माहितीची पोच द्यायची, ही वायफायची जुनी शिस्त आहे. त्यात मोठा हिस्सा जातो. १९९९ च्या ८०२.११बी या मानकाचा आकडा ११ मेगाबिट होता आणि हाती पाच-सहाच पडत. म्हणजे ही तूट कुणी काल-परवा शोधून काढलेली लबाडी नाही. पुण्याच्या एआरएआयनं प्रमाणित केलेलं मायलेज वर्धा रोडवर मिळत नाही, म्हणून आपण एआरएआयला खोटारडं ठरवत नाही. गाडी घेतानाच मनात वजाबाकी करतो. शिवाय १०० च्या प्लॅनवर डाउनलोड करताना १२ दिसले म्हणून भडकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की प्लॅन मेगाबिटांत विकतात आणि फाइल मेगाबाइटांत उतरते. आठ बिटांचा एक बाइट. हिशेब चोख आहे.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला जास्त घातक वाटतं, कारण त्यात खिसा रिकामा होतो. प्लॅन १०० चा असेल, तर ३००० चं राउटर बाहेरून १०१ आणून देणार नाही. स्वस्तातल्या कित्येक ‘१२००’ राउटरांचं तार जोडायचं तोंडच १०० मेगाबिटांचं असतं, तिथे २०० चा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ दानधर्म. फ्लॅट स्कीममध्ये घरटी एक राउटर असतं आणि २.४ च्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: १, ६ आणि ११. तुमचं राउटर कितीही नवं असो, हवा तीच आहे आणि ती शेजाऱ्यांचीही आहे.

त्यात नागपूरचा उन्हाळा कोणत्याच मानकानं हिशेबात धरलेला नाही. उन्हं तापायला लागली की खिडक्यांत कूलर बसतात. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, बाजूंना वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या भिजलेल्या ताट्या. पत्रा रेडिओलहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. टॉवरचा सिग्नल ज्या खिडकीतून घरात शिरत होता, तीच आपण उन्हाळाभर बुजवून टाकतो. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा भिंती भेदण्यात ४जीच्या खालच्या पट्ट्यांपेक्षा मुळातच कच्चा. घरातलं राउटर तर जिथे भिंतीला भोक पाडून केबल आत आली तिथेच, टीव्हीच्या मागे दडपलेलं. ते उचलून घराच्या मध्यावर, जरा उंचावर ठेवायला नवं मानक लागत नाही. दहा मीटर तार लागते.

मग कंपन्या निर्दोष सुटल्या का? मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१७ साली ५जीसाठी किमान कसोट्या छापल्या. त्यात सर्वोच्च वेग आहे २० गिगाबिट. त्याच दस्तऐवजात दाट वस्तीच्या शहरातल्या ग्राहकाला प्रत्यक्ष मिळायचा वेगही आहे, १०० मेगाबिट. शंभरातल्या पंचाण्णवांना किमान एवढा मिळावा, असा त्याचा अर्थ. दोन आकड्यांत दोनशे पटींचं अंतर, आणि दोन्ही खुलेपणानं छापलेले. अभियंत्यांनी काही लपवलं नाही. जाहिरातवाल्यांनी पहिला उचलला आणि दुसरा टेबलावरच ठेवला. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो पुरेसा गंभीर आहे.

आपल्याकडे कायद्यानं तळ आखला आहे. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ मेगाबिट; २००४ साली तो २५६ किलोबिट होता. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळावा अशी कसोटी होती, पण मोजणी कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंतची. खाली तळ २ चा, वर जाहिरातीचं छत हजाराचं. ग्राहकाचा संसार मधल्या पोकळीत.

रेडिओ चंचल असतो, हमी कशी देणार, असं कंपन्या म्हणतात. हमी कोण मागतंय? गर्दीच्या वेळी निम्म्या ग्राहकांना जेवढा मिळतो तेवढा आकडा छापा, एवढंच मागणं आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातींना हाच नियम आहे, तोही रात्री आठ ते दहाच्या वेळेचा. त्याआधी दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. नियम आला आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतले १७ मेगाबिट १०-११ वर उतरले. त्यासाठी कुठली तार बदलावी लागली नाही.

ट्रायकडे २०१६ पासून मायस्पीड अ‍ॅप आहे, म्हणजे मोजायला साधन नाही ही सबबही टिकत नाही. शहरवार आकडा जाहिरातीत टाकणं सक्तीचं करावं, आणि राउटरच्या खोक्यावर बेरजेऐवजी एका फोनला मिळणारा वेग लिहायला लावावा. नागपूरची मोजणी मात्र मे महिन्यात व्हावी, घरात बसून, कूलर चालू असताना.