पोटातली दक्षिण अमेरिका

दिवाळी आली, चिवड्याचे शेंगदाणे कढईत पडले, की मला आईचा एक प्रश्न आठवतो. मी तेव्हा बेळगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो. शेंगा फोडता फोडता आईने विचारले, "काय रे, ही शेंग झाडाच्या मुळाला लागते, की फांदीला?" परीक्षेत इंग्रजीतून पानभर लिहिलेले उत्तर मला मराठीत दोन वाक्यांत सांगता येईना. "तुला नाही कळायचे," असे म्हणून मी सुटका करून घेतली. आई काही बोलली नाही. शेंगा फोडत राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक कानडी पुस्तक हाती आले. बेळगावच्या हवेमुळे कानडी वाचण्यापुरते येत होते. 'नम्म होट्टेयल्लि दक्षिण अमेरिका', म्हणजे 'आमच्या पोटात दक्षिण अमेरिका'! नाव वाचूनच हसू आले. लेखक बी. जी. एल. स्वामी.

हे स्वामी (१९१८–१९८०) म्हणजे कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांचे चिरंजीव. हार्वर्डला प्राध्यापक बेली यांच्याबरोबर संशोधन केलेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. जगातल्या विद्वानांसाठी इंग्रजीत लिहायचे आणि घरच्या माणसांसाठी कानडीत! विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ केलेल्या भटकंतीवर त्यांनी 'हसुरु होन्नु', म्हणजे 'हिरवे सोने', लिहिले. त्यात मुलांच्या खोड्या आहेत, फजित्या आहेत आणि त्यांच्याच बोटाला धरून झाडांची कुळे-मुळेही येतात. चित्रेही स्वतःच काढलेली. १९७८ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वडिलांना तो १९६७ साली मिळालेला होता!

आता, वाचकहो, स्वामींच्या नजरेने आपलीच चिवड्याची बशी पाहा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. नावही त्यांच्याच भाषेतून आले. मिरचीही अमेरिकेचीच. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. त्यानंतर दोनशे वर्षे तरी या देशात मिरची कोणी पाहिली नव्हती. तिखटाला मिरी होती. आणि एकादशीचे काय? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलकडचा, बटाटा पेरूकडचा, रताळेही अमेरिकेचेच. आमचा कडकडीत उपवास जवळजवळ सगळाच परदेशी!

गंमत अशी, की मिरची आली तेव्हा तिला नवे नाव कोणी शोधत बसले नाही. आपण मिरीवरून मिरची म्हटले. कानडी माणसाने मिरीला 'मेणसु' म्हणतात म्हणून हिला 'मेणसिनकाई' म्हटले. ओळखीचे नाव मिळाले आणि परकी पोर घरची झाली. शास्त्राचेही तसेच असावे, हे मला स्वामींनी शिकवले. आम्ही मात्र आधी जडजंबाल परिभाषा तयार करतो आणि मग वाचक फिरकत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. स्वामींनी वाचकाच्या पोटापासून सुरुवात केली. पोट कोणाला कळत नाही?

यंदा फराळाच्या वेळी मी नातीला जवळ बसवले. म्हटले, "भुईमुगाचे फूल फांदीवर फुलते, जमिनीच्या वर. मग त्याच्या बुडाशी एक देठ फुटतो, तो वाकून मातीत शिरतो आणि त्याच्या टोकाला जमिनीत शेंग धरते. म्हणून शेंग मुळाची नव्हे, फुलाची."

नात म्हणाली, "एवढेच?"

होय, एवढेच. ते आईला सांगायचे मात्र राहून गेले.