सुदाम्याची परतीची वाट

भिलाईच्या भागवत सप्ताहात परवा एका प्रवचनकारांनी सुदामचरित्राचे सार असे सांगितले की, मूठभर पोहे देवाला वाहिले असता त्याचा महाल होऊन परत येतो, सबब मनुष्याने मनात सदैव वैभवाचाच संकल्प धरावा. हे विवेचन श्रोत्यांना गोड लागले. परंतु ते ग्रंथाला धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दशम स्कंधातील ८० व ८१ या अध्यायांत, पत्नीने शेजारी मागून आणलेले चार मुठी पोहे चिंधीत बांधून तो ब्राह्मण मित्र कृष्णाकडे द्वारकेस जातो, लाजेने ते लपवतो आणि काहीही न मागता परततो. महाल अद्याप त्याने पाहिलेला नाही. धनाने उन्मत्त होऊन आपण मित्राला विसरू, म्हणूनच त्या दयाळूने काही दिले नसावे, असे म्हणत तो रिकाम्या हातांनी आणि तृप्त मनाने वाट चालतो. आंतरिक समृद्धीचा दाखला या वाटेवर आहे; पोह्यांना मुद्दल आणि महालाला व्याज मानणाऱ्याने सुदाम्याला सावकार केले.

समाधानाची ही शिकवण गरिबाला गरिबीतच निजवते, ही यावर घेतली जाणारी हरकत कळकळीची आहे. पण कथेत नवऱ्याला द्वारकेस धाडते ती भुकेने थरथरणारी पत्नीच, आणि कथाकार तिला लोभी न म्हणता पतिव्रता म्हणतो. भूक हा मनाचा भ्रम आहे, असे तेथे एक अक्षर नाही. उलट, लपवलेली पुरचुंडी द्वारकाधीश स्वतः ओढून घेतो. ऐश्वर्यवंताने आपण होऊन हात पुढे केला, तेव्हाच दरिद्र्याची लाज फिटली.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून या गावाचे वैभव टनांत मोजले जाते. भोवतालच्या खेड्यांत मात्र पौष पौर्णिमेच्या छेरछेरा या सणाला ते आजही मुठीने मोजतात. त्या दिवशी सधनांची पोरेही दारोदार धान मागतात. अशाच एका दारी एका वृद्धेने कोठीतले धान एका पोराच्या पिशवीत ओतले आणि तळव्याला चिकटलेले दोन-तीन दाणेही बोटाने खरवडून तीतच झाडले. तिचे घर शाकारायला पैसा हवाच, आणि तो मागण्याचा तिला पुरा हक्क आहे; परंतु त्या क्षणी तिचा हात कोणापुढे पसरलेला नव्हता.