खोली आहे, पण काम चालू आहे

मुंबईला जायचं म्हटलं की पूर्वी आपल्याकडे पहिला प्रश्न असायचा, ‘उतरणार कुणाकडे?’ लालबागला मामेसासरे, गिरगावात आत्या, परळला कुणाच्या तरी नणंदेची नणंद. दहा बाय बाराची खोली, तिच्यात आधीच सहा माणसं, तरी सातवं-आठवं मावून जायचं. पुरुष गॅलरीत नाहीतर खाली ओट्यावर, बायका-पोरं आत. कोकणातल्या कितीतरी गावांच्या तर गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या. तिथे सगळा पुरुषांचा कारभार, म्हणून बाईमाणसाला नातेवाईकाचं घर हाच आधार. जाताना पिशवीत शेंगा, चटणी, घरचं तूप न्यायचं आणि चार दिवस राहून यायचं. कुणी हिशेब मांडत नसे. (मनात मांडत असतील, तो भाग वेगळा!)

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि हे सगळं हळूहळू पांगलं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळी पडल्या, मामेसासरे डोंबिवलीला गेले, आत्या विरारला. हॉस्पिटलं मात्र जिथल्या तिथेच राहिली. केईएम १९२६ पासून परळलाच आहे, लहान मुलांचं वाडिया १९२९ पासून, टाटा १९४१ पासून. सकाळी नंबर लावायला विरारहून गर्दीच्या लोकलमध्ये आजारी माणसाला घेऊन यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. म्हणून मग आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतो तो लॉज. आता प्रश्न ‘कुणाकडे’ असा राहिलाच नाही, ‘कुठे’ असा झालाय.

लॉज म्हटलं की आपल्याकडे अजून नाकं मुरडतात. खरं तर लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथेच. सरदारगृह म्हणजे उतारूंची जागाच की! तेव्हा जागेला नावं ठेवायचं कारण नाही. नावं ठेवायची तर चालवणाऱ्याच्या रीतीला ठेवावीत, आणि त्यातल्या एकाच रीतीबद्दल आज लिहायचं आहे. लॉजमध्ये दुरुस्तीचं काम काढायचं आणि गिऱ्हाईकाला ते सांगायचंच नाही, ही ती रीत.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेच्या केमोसाठी आम्ही दोघी महालक्ष्मीने गेलो. परळच्या एका लॉजमध्ये फोनवर खोली ठरवली होती. ‘या ताई, खोली आहे, गरम पाणी आहे, लिफ्ट आहे,’ असं सगळं सांगितलं होतं. जाऊन बघतो तर लिफ्टमध्ये सिमेंटची पोती. जिन्यात फुटलेल्या लाद्यांचा ढीग. वरच्या मजल्यावरच्या बाथरूम फोडायचं काम चालू आणि आमची खोली बरोब्बर त्याखाली. काउंटरवर विचारलं तर उत्तर तयार होतं. ‘ताई, चारच दिवसांचं काम आहे. आणि दिवसा तुम्ही हॉस्पिटललाच असणार ना?’

म्हणजे केमो घेतलेलं माणूस दिवसा कुठे असतं याची त्याला कल्पनाच नव्हती. ते असतं पलंगावर. कुशीवर, पोटाशी उशी घेऊन, शेजारी बादली. वास नको, आवाज नको, उजेड नको. आणि डोक्यावर घण पडतोय. पलंगाच्या चादरीवर, पाण्याच्या बाटलीवर, मी बरोबर नेलेल्या भाताच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा पांढरी भुकटी. दुपारी पाणी बंद, कारण वर नळजोडणी चालू. भाडं मात्र पूर्ण.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या सिस्टरने सहज विचारलं, उतरलाय कुठे? सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मावशी, ती खोली आजच्या आज सोडा.’ मला आधी वाटलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून म्हणतेय. तिने कारण सांगितलं ते धुळीचं होतं.

ते कारण आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. जुनी भिंत, ओलसर बाथरूम, वर्षानुवर्षं बंद असलेलं छत यांच्यात एक बुरशी असते, अ‍ॅस्परजिलस नावाची. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत सगळीकडेच असतात. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपलं काही बिघडत नाही, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. केमोनंतर त्याच पेशी कमी होतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान त्या सर्वांत खाली गेलेल्या असतात. नेमकं त्याच दिवसांत कुणी शेजारची भिंत फोडली की हे कण ढगासारखे उठतात आणि अशा माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसू शकतात. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटना हा धोका सगळ्यांत जास्त. म्हणून तर हॉस्पिटलमध्ये काही तोडफोड निघाली की तो भाग प्लास्टिकचे पडदे लावून बंद करतात, अशा पेशंटना तिथून लांब ठेवतात. जगभर हा शिरस्ता आहे. आणि तोच पेशंट हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडतो आणि भिंत फोडत असलेल्या लॉजमध्ये जाऊन झोपतो! आत एवढी काळजी घेतलेली, ती रस्ता ओलांडताच संपली.

आम्ही त्या दिवशीच खोली सोडली. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळवताना जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

हॉटेल चालू ठेवून दुरुस्ती करताच येत नाही का? येते की. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलची जुनी इमारत केवढी जळली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. शेजारचा टॉवर २१ डिसेंबरला, म्हणजे महिन्याच्या आतच, पुन्हा सुरू झाला आणि जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. मधल्या काळात एका अंगाला पाहुणे राहत होते आणि दुसऱ्या अंगाला काम चालू होतं. कुणी म्हणेल, ताजशी कसली बरोबरी करता? पैशाची बरोबरी मी करतच नाही. पण राहणारे एकीकडे आणि तोडफोड दुसरीकडे ठेवायची, एवढी अक्कल वापरायला पंचतारांकित असावं लागत नाही. तीन मजल्यांच्या लॉजलाही एक मजला पूर्ण बंद ठेवता येतो, जिन्याच्या तोंडाशी ताडपत्री लावता येते, फोडण्याआधी भिंतीवर पाणी मारता येतं. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर फोनवर ‘काम चालू आहे’ हे तीन शब्द बोलता येतात. त्याला तर काहीच खर्च नाही.

लॉजवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. या भागातल्या इमारती जुन्या. पावसाळ्यात गळती, पाइप गंजलेले. दुरुस्ती केली नाही तर छत कुणाच्या तरी अंगावर पडायचं. महिनाभर लॉज बंद ठेवला तर नोकरांचे पगार कुठून द्यायचे, हाही प्रश्न आहेच. दुरुस्ती करू नका असं कोण म्हणतंय? पण दुरुस्ती त्यांच्या मालमत्तेची, आणि तिची किंमत मोजायची आजारी माणसाने, तीही न सांगता, हे कुठल्या हिशेबात बसतं?

बायकांना यात आणखी एक जाच असतो. पेशंटबरोबर बहुतेक वेळा घरातली बाईच असते. तिला कपडे धुवायचे असतात, वाळत घालायचे असतात, जमलं तर मुगाची खिचडी शिजवायची असते. संडास-बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला असेल आणि व्हरांडाभर परकी माणसं काम करत असतील तर रात्री-बेरात्री उठायचीही चोरी. मग ती पाणीच कमी पिते. काही जणी हे वाचून हसतील, पण प्रवासात पाणी कमी पिण्याची सवय आपल्यातल्या किती जणींना आहे ते आठवून बघा. आणि त्या कामगारांना मी दोष देणार नाही. ती पोरंही कुठल्या कुठून आलेली, रात्री त्याच धुळीत चटई टाकून झोपणारी, तोंडाला साधा रुमाल बांधून घण घालणारी. त्यांच्यातल्याच एकाने आमची बॅग दोन जिने खाली आणून दिली. त्यांना झोपायला जागा द्यायची आणि आमचा व्हरांडा मोकळा ठेवायचा, हे काम मालकाचं होतं.

कायदा काय म्हणतो, तेही बघितलं. भाडं देऊन घेतलेली खोली ही ग्राहक कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे. दाखवलं एक आणि दिलं दुसरं, तर त्याची दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही. १९१५ या नंबरवर फोन करून आधी विचारताही येतं. आवाजाचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत हॉस्पिटलच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवायची तरतूद आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा वेळ तर सगळीकडेच रात्रीचा धरलेला आहे. कितीतरी लॉज हॉस्पिटलच्या समोरच्याच फुटपाथवर असतात, म्हणजे याच परिसरात.

पण खरं सांगू का, घरात आजारी माणूस असताना कोण आयोगाच्या पायऱ्या चढणार? म्हणून हे गिऱ्हाईकाच्या तक्रारीवर सोडू नये असं माझं मत आहे. लॉज चालवायला महापालिकेचा परवाना लागतोच. हॉस्पिटलच्या आसपासच्या लॉजना त्या परवान्यातच अट घालावी: तोडफोड काढलीत तर तो मजला आणि त्याच्या खालचा मजला रिकामा ठेवा, आणि दारावर पाटी लावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा पालिकेने बांधकामांसाठी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे अशी नियमावली काढलीच होती. बाहेरच्या धुळीचा विचार झाला. खोलीच्या आतल्या धुळीचाही करायला काय हरकत आहे?

आणि लॉजवरच का अवलंबून राहावं लागतं, हाही प्रश्न विचारायला हवा. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. कमी पैशात, माणुसकीने ठेवून घेतात. पण देशभरातून येणारी गर्दी केवढी, आणि खोल्या केवढ्या! मे २०२१ मध्ये म्हाडाची शंभर घरं टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी दिली गेली तेव्हा केवढा आनंद झाला होता. महिना-सव्वा महिन्यात तिथल्या रहिवाशांच्या हरकतीवरून तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याला स्थगिती दिली, आणि लगेच बॉम्बे डाईंगच्या आवारातली शंभर घरं पर्याय म्हणून पुढे आली. पर्याय निघाला हे चांगलंच झालं. पण ज्या लालबाग-परळने एकेकाळी दहा बाय बारात आठवं माणूस झोपवलं, तिथेच ‘आमच्या इमारतीत नको’ असं म्हटलं गेलं, हे मला तरी लागलं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करायचं. निघण्याच्या निदान आठवडाभर आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारायचं, धर्मशाळांची माहिती तिथे मिळते आणि कित्येक ठिकाणी त्यांची चिठ्ठीही लागते. लॉजच घ्यायचा झाला तर ‘खोली आहे का’ एवढ्यावर फोन ठेवायचा नाही. इमारतीत कुठे तोडफोड, रंगकाम, नळाचं काम चालू आहे का, असेल तर कुठल्या मजल्यावर, लिफ्ट माणसांसाठी चालू आहे का, दुपारी पाणी असतं का, हे सगळं विचारायचं. पेशंट केमोचा आहे हे स्पष्ट सांगायचं. उत्तर मोबाइलवर मेसेज करून मागायचं, म्हणजे नंतर ‘आम्ही सांगितलं होतं’ला जागा राहत नाही. पोचल्यावर सामान आत टाकण्याआधी एक मजला वर चढून डोळ्यांनी बघून यायचं. आणि सगळे पैसे आगाऊ भरायचे नाहीत, एका दिवसाचेच भरायचे, पक्की पावती घेऊन.

जाऊबाईंच्या पुढच्या खेपेला फोन तिनेच लावला. तीन ठिकाणी विचारलं. एकाने सरळ सांगितलं, ‘मावशी, पंधरा तारखेपर्यंत रंगाचं काम आहे, नंतर या.’ त्या माणसाचा नंबर आम्ही जपून ठेवलाय.