घोरणाऱ्या मुलाचे हृदय

लहान मूल घोरू लागले की बहुतेक घरांत त्याचे कौतुकच होते. ‘दिवसभर हुंदडला, आता कसा ढाराढूर झोपलाय’ असे म्हणत आजी पांघरूण सारखे करते. सर्दीपडशात चार दिवस घोरणे वेगळे. पण जे मूल बाराही महिने घोरते, तोंड उघडे टाकून मान मागे ताणून झोपते, मध्येच श्वास अडकून दचकते आणि घामाने भिजते, त्याच्या वाट्याला गाढ झोप येतच नसते. झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार, म्हणजे ‘स्लीप अ‍ॅप्निया’, पोट सुटलेल्या प्रौढांचा आहे अशी आपली पक्की समजूत आहे. ती जितक्या लवकर सुटेल तितके बरे, कारण त्याची झळ मुलांच्या हृदयालाही लागते.

‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’ने २०२१ मध्ये शास्त्रीय निवेदन काढून हे स्पष्टपणे मांडले. एक ते सहा टक्के मुले आणि किशोरांना हा त्रास असावा, आणि लठ्ठ किशोरांमध्ये हे प्रमाण ३० ते ६० टक्क्यांपर्यंत जाते, असा त्यातला अंदाज आहे. लहान वयात मुख्य कारण असते ते वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, आधीच अरुंद झालेली वाट बंद होते आणि छाती मात्र हवा ओढण्यासाठी भात्यासारखी धडपडत राहते. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू धोक्याचा इशारा देतो, मूल अर्धवट जागे होते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. एका रात्रीत हे अनेकदा घडते. एरवी झोपेत रक्तदाब दहा टक्के किंवा त्याहून अधिक उतरायला हवा. या मुलांमध्ये तो पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षे असे चालले तर हृदयाची भिंत जाड होऊ लागते, फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या उजव्या बाजूवरही ताण येतो.

हे ज्ञान आजचे नाही. वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडमुळे हृदयावर आलेला ताण शस्त्रक्रियेनंतर ओसरल्याचे जॅकलिन नूनन यांनी १९६५ मध्येच नोंदवले होते. तरीही आजार निसटतो, कारण दिवसा ही मुले पेंगतीलच असे नाही. उलट ती चिडचिडी, अस्वस्थ, एका जागी न बसणारी होतात. वर्गात त्यांना द्वाड ठरवले जाते आणि मोठ्या वयात अंथरूण ओले केले म्हणून घरी ओरडा बसतो. ज्या मुलाला रात्रभर श्वासासाठी झगडावे लागले त्याला सकाळी शिक्षा व्हावी, हे क्लेशकारक आहे.

घोरणाऱ्या प्रत्येक मुलाचे टॉन्सिल काढा, असे कोणी म्हणत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुले होती. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपतपासणी सात महिन्यांत सुधारून सामान्य झाली. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली. म्हणूनच आधी तपासणी हवी. लठ्ठ मुलांना वजन उतरवण्यासाठी मदत लागेल, काहींना हवेचा दाब देणारे यंत्र लागेल. ‘टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती गेली’ या भीतीने योग्य शस्त्रक्रिया लांबवणे मात्र घातक.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला. मुलांची झोप हा सरकारी निर्णयाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून दिसले. आता त्या झोपेत काय घडते हेही पाहायला हवे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके मुलांच्या तपासणीसाठी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. डाउन सिंड्रोम, दुभंगलेले टाळू, सिकलसेल हे आजार त्यांच्या यादीत आहेत, आणि नेमक्या याच मुलांना झोपेतल्या श्वासरोधाचा धोका अधिक. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तर हे विसरून चालणार नाही. प्राणवायू घटला की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

पथकाच्या तक्त्यात एक प्रश्न वाढवावा : मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरते का? उत्तर ‘हो’ असेल तर घसा आणि रक्तदाब तपासावा. त्यासाठी लहान दंडाला बसणारा पट्टा प्रत्येक पथकाकडे हवा. मोठ्यांच्या पट्ट्याने मुलांचा आकडा चुकतो. पालकांनी झोपेतल्या श्वासाचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. पुढची रात्रभराची झोपतपासणी महागडी आहे आणि ती मोठ्या शहरांत एकवटली आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ती मुलांसाठी मोफत सुरू करणे हे आरोग्य खात्याचे आणि वैद्यकीय शिक्षण खात्याचे काम आहे. प्रश्न आणि पट्टा यांसाठी मात्र अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ते पथकांच्या हाती असावेत.